डबी ढेकळाखाली होती की बाजूला? : प्रोपेलंटच्या आगीचा एक प्रकरण अभ्यास

अहवालाच्या शेवटच्या पानावर ठळक अक्षरांत ‘सुरक्षित’ असं लिहिलेलं होतं आणि मी त्याला दहापैकी आठ गुण दिले होते. तीन दिवसांनी त्याच गटातली एक मुलगी तो अहवाल परत घेऊन आली. “मॅडम, आबाजी म्हणतात हे चुकलंय.”

आबाजी म्हणजे तिचे आजोबा. नागपूर परिसरातल्या एका आयुध निर्माणीत त्यांची सगळी नोकरी प्रोपेलंटच्या, म्हणजे रॉकेटच्या घन इंधनासारख्या मालाच्या, कामात गेली. शेवटची काही वर्षं ते बर्निंग ग्राउंडवर होते, म्हणजे टाकाऊ माल जाळून नष्ट करतात त्या मोकळ्या जागेवर. नातीनं वाडीच्या घरी त्यांना अहवाल वाचून दाखवला, तेव्हा दुसऱ्याच पानावर त्यांनी तिला थांबवलं. हे प्रकरण त्या दुसऱ्या पानाचं आहे.

मी केमिकल इंजिनिअरिंगच्या अंतिम वर्षाला प्रक्रिया-सुरक्षा शिकवते. चांद्रयान-३ चंद्रावर उतरलं त्यानंतरच्या सत्रात मुलांच्या डोक्यात दुसरं काही नव्हतं. त्यातच कळलं की यानाच्या प्रोपल्शन मॉड्यूलवर किरणोत्सारी पदार्थाच्या उबेवर चालणारे दोन छोटे हीटर होते. वर्गात लगेच प्रश्न आला : असं काही घेऊन निघालेलं रॉकेट उडतानाच फुटलं तर? प्रश्न रास्त होता. मी तोच प्रकल्प म्हणून दिला.

प्रसंग मात्र मनानं रचलेला नको होता, म्हणून १७ जानेवारी १९९७ चा डेल्टा-२ चा अपघात घेतला. अमेरिकेतल्या केप कॅनाव्हेरलवरून उडाल्यावर सुमारे १३ सेकंदांत बाजूचा एक घन इंधनाचा बूस्टर फाटला आणि रॉकेट हवेतच फुटलं. पेटलेल्या प्रोपेलंटची ढेकळं तळाच्या आसपास पावसासारखी कोसळली, उभ्या मोटारी जळाल्या. रॉकेटवर जीपीएसचा उपग्रह होता, अणुऊर्जेचं काहीच नव्हतं. पण नऊ महिन्यांनी, १५ ऑक्टोबर १९९७ ला, त्याच केपवरून कॅसिनी यान शनीकडे निघालं आणि त्याच्याबरोबर सुमारे ३३ किलो प्लुटोनियम डायऑक्साइड होतं. मुलांना मी विचारलं ते एवढंच : जानेवारीत पडलं तसं एखादं ढेकूळ आणि प्लुटोनियमची एक पेटी एकाच जागी काँक्रीटवर पडली, तर पेटीला कोणती आग सोसावी लागेल?

इथे पेटीची ओळख करून द्यायला हवी, कारण ‘अणु’ म्हटलं की लोकांच्या मनात बॉम्ब येतो. ही पेटी बॉम्बसारखी फुटूच शकत नाही. प्लुटोनियम-२३८ हा समस्थानिक आपोआप क्षय पावतो, अल्फा कण सोडतो आणि त्यामुळे गरम राहतो. त्याचं अर्धायुष्य ८७.७ वर्षं. त्या उबेवर थर्मोकपलच्या, म्हणजे तापल्यावर वीज देणाऱ्या दोन वेगळ्या पदार्थांच्या, जोड्या लावून वीज मिळवायची, एवढंच तंत्र. मंगळावरच्या पर्सिव्हरन्स रोव्हरवर असं जे जनित्र आहे त्यात ४.८ किलो प्लुटोनियम डायऑक्साइड आहे आणि सुरुवातीला ते सुमारे ११० वॅट वीज देत होतं. इंधन चिनी मातीसारख्या कडक गोळ्यांच्या रूपात असतं. प्रत्येक गोळीवर इरिडियमच्या मिश्रधातूचं पातळ कवच, त्यावर ग्रॅफाइटचं आघात सोसणारं कवच, मग उष्णतारोधक थर आणि सगळ्यात बाहेर कार्बन धाग्यांनी विणलेली पेटी. एका पेटीत चार गोळ्या. वजन साधारण दीड किलो, जाडी पाच-सहा सेंटिमीटर, उष्णता सुमारे २५० वॅट. आबाजी तिला ‘डबी’ म्हणाले आणि वर्गात मग तोच शब्द रुळला.

अल्फा कण कागदानंही अडतो. भीती असते ती इंधनाची फार बारीक भुकटी श्वासातून फुप्फुसात जाऊन बसण्याची. म्हणून सगळी सुरक्षा एका गोष्टीवर येऊन थांबते : गोळी गोळीच राहिली पाहिजे, तिचा धूर होता कामा नये.

आता दुसरं पान. गटानं आगीचं तापमान ११०० अंश सेल्सिअस धरलं होतं. इरिडियम २४४६ अंशांना वितळतं. दोन्ही आकडे शेजारी मांडून वजाबाकी केली, तेराशे अंशांहून जास्त फरक निघाला आणि निष्कर्ष आला ‘सुरक्षित’. ११०० आणला कुठून? रॉकेलच्या साचलेल्या थारोळ्याच्या आगीवरून. तेलाच्या टाक्या, टँकर, कारखान्यातली गळती, आम्ही वर्गात जे शिकवतो ते बहुतेक याच आगीचं. तो आकडा माझ्याच टिपणांत होता. मुलांनी तो विश्वासानं उचलला आणि तपासताना माझ्या नजरेला तो खटकला नाही.

आबाजी पुढच्या आठवड्यात स्वतः आले. मी त्यांना खुर्चीत बसायला सांगितलं, पण ते फळ्याजवळ उभेच राहिले.

“मॅडम, पोरगी म्हन्ते अकराशे डिग्री. अकराशे त इटाच्या भट्टीत बी निंगते. आमच्या मालाकडे उघड्या डोळ्यानं पाहवत नव्हतं जी.”

मग त्यांनी बर्निंग ग्राउंडची पद्धत सांगितली. माल पातळ थरात पसरायचा, वाऱ्याची दिशा बघायची, दुरून पेटवायचा आणि आगीच्या जवळ कोणी जायचं नाही. ढीग कधीच करायचा नाही. मालात अॅल्युमिनियम असेल तर जळून गेल्यावर खाली पांढरी खपली उरते, तिच्यात मोत्यांसारखे दाणे असतात. वाळूवर जाळला तर वाळू वितळून काचेसारखी होते, सिमेंटवर जाळला तर सिमेंटचे पापुद्रे उडतात. एका मुलानं विचारलं, पाणी मारायचं नाही का? “पानी कायले मारता? त्याच्या पोटातच हवा आहे ना जी.”

ते वाक्य मी आता दर वर्षी फळ्यावर लिहिते. रॉकेटच्या घन इंधनात जवळजवळ सत्तर टक्के अमोनियम परक्लोरेट असतं, म्हणजे ऑक्सिजनचा साठा इंधनातच मिसळलेला. पंधरा ते वीस टक्क्यांच्या दरम्यान अॅल्युमिनियमची पूड आणि बाकी सगळं बांधून ठेवणारं रबर. आगीचा त्रिकोण आपण शाळेपासून शिकतो : इंधन, हवा, उष्णता, एक बाजू तोडा की आग विझते. इथे हवेची बाजू तोडताच येत नाही. शिवाय तापलेल्या अॅल्युमिनियमवर पाणी पडलं तर हायड्रोजन सुटतो आणि वितळलेल्या धातूत पाण्याची वाफ एकदम फुगून स्फोट होऊ शकतो. याच शहरात राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय आहे, स्फोटकांच्या सुरक्षेवर देखरेख करणाऱ्या पेसो या केंद्रीय संस्थेचं मुख्यालयही नागपुरातच आहे. तरी आमच्या अंतिम वर्षाच्या मुलांना आग म्हणजे तेलाची आग एवढंच ठाऊक असावं, याचं मला फार वाईट वाटलं.

आम्ही दुसरं पान नव्यानं लिहायला बसलो.

आधी तापमान. अॅल्युमिनियम जळतं तेव्हा त्याचा ऑक्साइड होतो, अॅल्युमिना, तो वितळलेल्या थेंबांच्या रूपात ज्योतीत तरंगतो आणि डोळे दिपवणारा प्रकाश देतो. अॅल्युमिना वितळतोच मुळी २०७२ अंशांना, आणि आबाजींना खपलीत जे मोत्यांसारखे दाणे दिसत ते हेच गोठलेले थेंब. तेव्हा आग त्याच्याही वर असणार हे उघड होतं. आम्ही हिशेबाला २८०० केल्विन धरले, म्हणजे अडीच हजार अंश सेल्सिअसच्या थोडं वर. रॉकेलच्या आगीला, म्हणजे अकराशे अंशांना, १३७० केल्विन. मुलांना वाटलं, दुप्पट झालं, बस. पण उष्णतेचं प्रारण केल्विन तापमानाच्या चौथ्या घातानं वाढतं. पूर्ण काळ्या पृष्ठभागाचा हिशेब केला तर रॉकेलच्या आगीतून दर चौरस मीटरला सुमारे २०० किलोवॅट येतात, या आगीतून साडेतीन हजार किलोवॅट. सतरा पटींहून जास्त. ज्या मुलानं ही गणती केली, त्यानं कॅल्क्युलेटर दोनदा साफ करून पुन्हा केली.

आकडा मोजून का घेतला जात नाही, असाही प्रश्न आला. घेतला जातो. अमेरिकेत न्यू मेक्सिकोतल्या सँडिया प्रयोगशाळेत याच कामासाठी प्रोपेलंट उघड्यावर जाळून मोजमापं केली गेली आहेत. पण अवघड किती आहे ते पाहा. आमच्या प्रयोगशाळेतलं तापमान मोजायचं के-टाइप थर्मोकपल १३७० अंशांच्या आसपास संपतं. टंगस्टन-रेनियमचं घेतलं तर वरपर्यंत जाता येतं, पण त्यावर अॅल्युमिनाचा लेप बसतो आणि मग ते आगीचं नव्हे, लेपाचं तापमान सांगतं. लांबून प्रकाशावरून मोजावं तर धूर आणि थेंब किती उजळ आहेत ते आधी ठाऊक हवं. प्लुटोनियमच्या जागी वागणुकीत त्याच्याशी मिळतंजुळतं असलेलं सिरियम ऑक्साइड वापरतात, म्हणजे प्रयोगच धोका होत नाही.

मग वेळ. इथे मुलांचा अंदाज उलट्या बाजूनं चुकला. त्यांना वाटलं, रॉकेटचं इंधन, क्षणात भडकून संपेल. रॉकेटच्या पोटात ते भराभर जळतं कारण तिथे दाब असतो, आणि दाब वाढला की जळण्याचा वेग वाढतो. फुटून बाहेर पडलं की दाब गेला. सत्तर वातावरणांच्या दाबाला सेकंदाला ९ मिलिमीटर आणि दाबाबरोबर वेग कसा बदलतो ते सांगणारा घातांक ०.३५ धरला, तर उघड्यावर वेग येतो सेकंदाला २ मिलिमीटर. म्हणजे ३० सेंटिमीटर जाडीचं ढेकूळ एका बाजूनं जळत गेलं तर १५० सेकंद, दोन्ही बाजूंनी जळलं तर ७५. स्फोट डोळ्यांत भरतो, बातमीत येतो. डबीला खरा त्रास त्यानंतर होतो, जमिनीवर, अडीच मिनिटं.

आबाजी हे सगळं ऐकत होते. मग त्यांनी तो प्रश्न विचारला ज्यासाठी मी हे प्रकरण लिहून काढते आहे.

“पन मॅडम, डबी ढेकळाच्या खाली होती का बाजूले?”

आमच्याकडे उत्तर नव्हतं. अहवालात डबी ‘आगीत’ होती, एवढंच. आगीत म्हणजे कुठे, हे कोणाच्या मनातही आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मुलं कॉलेजच्या गच्चीवर दोन फरशा, काही विटा आणि जेवणाचा एक चौकोनी डबा घेऊन गेली. आग वगैरे काही नाही, नुसती मांडणी. नागपूरचा एप्रिल, गच्ची अशी तापलेली की अनवाणी उभं राहवत नव्हतं. फरशी सपाट ठेवली की खाली फट राहत नाही. प्रोपेलंट उष्णता फार सावकाश आत पोचू देतं, तेव्हा असं चिकटून बसलेलं ढेकूळ वरून जळत असेल तर त्याच्या खालची बाजू बराच वेळ थंड राहते. इथवर ठीक. मग त्या मुलीनं फरशीखाली डबा ठेवला. फरशी कलली. डब्याभोवती फट पडली.

मला ते पाहून अंगावर काटा आला. डबीच ढेकळाला टेकू देते. टेकू म्हणजे फट, आणि फटीत ज्योत शिरते. ढेकळाची खालची बाजू पेटली की तिच्यातून निघणारा वायू आणि वितळलेले थेंब सरळ डबीवर येतात, बाहेर पडायला वाट अरुंद, वरून ढेकळाचं छप्पर. बाजूला पडलेल्या डबीला ज्योत एकाच अंगानं दिसते, दोन-चार हात लांब असेल तर पुष्कळ उष्णता इकडेतिकडे जाते. तीच आग, तेच तापमान, आणि डबीच्या नशिबात जमीन-अस्मानाचा फरक. ढेकूळ संपल्यावरही गोष्ट संपत नाही : पांढऱ्या खपलीत गाडली गेलेली डबी स्वतःच्या २५० वॅटच्या उबेनं आणखी तापत राहते, कारण तिची उष्णता बाहेर पडायला जागा उरत नाही.

यापुढे इरिडियमचा तो दिलासा देणारा आकडाही आम्हाला सोडावा लागला. २४४६ अंश हा शुद्ध इरिडियमचा वितळणबिंदू. पण इरिडियम ग्रॅफाइटला टेकून असेल तर त्यांच्या सीमेवर दोघांचं मिश्रण २२९० अंशांनाच वितळू लागतं. आणि या डबीत इरिडियमचं कवच ग्रॅफाइटच्याच घरात बसवलेलं आहे. म्हणजे दीडशे अंशांची सवलत आधीच गेली. ही रचना चुकीची आहे असं मात्र मी म्हणणार नाही. ग्रॅफाइट आहे म्हणून तर डबी वातावरणात परत येतानाची उष्णता आणि जमिनीवरचा आदळा सोसते. बाहेरची पेटी शाबूत असेल तर अडीच मिनिटांची आग आतल्या कवचापर्यंत पोचायला पुष्कळ अडथळे आहेत. काळजी आहे ती क्रमाची. आधी स्फोट, मग तुकड्यांचा मारा, मग पडणं, मग कदाचित वरून ढेकूळ पडणं आणि त्यानंतर आग. आगीत जाते ती डबी नवी कोरी नसते.

कवचाला चीर गेलीच तर बाहेर काय येईल? इंधनाची गोळी फुटली तर बहुतेक तुकडे मोठे असतात, जवळच पडतात, शोधून उचलता येतात. पण अति तापमानात प्लुटोनियम डायऑक्साइडची थोडी वाफ होऊ शकते, वर जाऊन थंड झाली की तिचे अतिशय बारीक कण होतात, आणि वाऱ्यावर जातात ते हेच. सुदैवानं त्याच धुरात अॅल्युमिनाचे कण खच्चून भरलेले असतात. बारीक कण त्यांना चिकटले तर जड होऊन लवकर खाली बसतात. म्हणजे ज्या अॅल्युमिनियममुळे आग इतकी तापते, तेच पुढे जाऊन थोडं सावरूही शकतं. किती सावरतं, हे ढेकळाच्या आकारावर, वाऱ्यावर आणि पुन्हा डबीच्या जागेवर आहे.

इथे यवतमाळच्या एका मुलानं विचारलं, एवढी दगदग कशाला, सगळं वरच जळून विरून जाऊ द्यावं. त्याला वाटलं तो नवीन काही सांगतोय. अमेरिकेनं सुरुवातीला नेमकं हेच ठरवलं होतं. २१ एप्रिल १९६४ ला ट्रान्झिट मालिकेतला एक उपग्रह कक्षेत पोचला नाही, त्याच्यावरचं स्नॅप-९ए हे जनित्र ठरल्याप्रमाणे वातावरणात जळून विखुरलं आणि सुमारे १७,००० क्युरी (क्युरी हे किरणोत्साराचं एकक) प्लुटोनियम-२३८ जगभर पसरलं. त्यानंतर विचार बदलला : काहीही झालं तरी इंधन आतच राहिलं पाहिजे. १८ मे १९६८ ला निम्बस हवामान उपग्रहाचं रॉकेट उडाल्यावर नष्ट करावं लागलं, तेव्हा जनित्रांचं इंधन काही महिन्यांनी कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ समुद्रतळातून शाबूत निघालं आणि पुन्हा वापरलं गेलं. १९७० मध्ये अपोलो-१३ वरच्या अशाच जनित्राचं इंधन पॅसिफिकमध्ये टोंगा गर्तेच्या भागात गेलं, तिथे गळती आढळली नाही. पण हे दोन्ही दिलासे पाण्यातले आहेत. जळत्या ढेकळाखालच्या काँक्रीटची ती परीक्षा नव्हती.

ती परीक्षा जवळ आली होती १९८६ मध्ये. २८ जानेवारीला चॅलेंजर हे स्पेस शटल फुटलं. त्याच वर्षी मे महिन्यात गॅलिलिओ आणि युलिसिस ही प्लुटोनियमवर चालणारी यानं शटलमधूनच जायची होती. १८ एप्रिलला कॅलिफोर्नियातल्या व्हँडेनबर्ग तळावर टायटन रॉकेटचा घन बूस्टर उडाल्यावर काही सेकंदांतच फुटला. वर्गात मी या तीन तारखा एकाखाली एक लिहिल्या आणि बराच वेळ कोणी बोललं नाही.

पर्सिव्हरन्सच्या वेळी नासानं सांगितलं होतं की प्लुटोनियम बाहेर पडेल असा अपघात होण्याची शक्यता ९६० मध्ये एक. मुलांना हा आकडा कधी भीतिदायक वाटे, कधी फुसका. मी त्यांना सांगितलं, तो आकडा एका तापमानातून येत नाही. ढेकूळ केवढं, डबी कुठे, कवच फुटलं की नाही, फट होती की नाही, अशा असंख्य प्रसंगांची बेरीज त्यात असते. एका प्रसंगातली आग चुकीची धरली तर शेवटचा आकडा चुकीचाच येणार, मग तो कितीही नीट छापलेला असो.

बंबाचं काय करायचं, हा भाग अहवालात तीन ओळींचा राहिला. जवळ जायचं नाही, वाऱ्याच्या वरच्या बाजूला थांबायचं, आसपासच्या वस्तू थंड ठेवायच्या, ढेकूळ जळू द्यायचं. बंब पोचेपर्यंत अडीच मिनिटं होऊन गेलेली असतात. डबीला वाचवायचं असेल तर ते रेखाटनाच्या टेबलावरच, उड्डाणाच्या कित्येक वर्षं आधी, आणि नंतर उरतो तो शोध.

नव्या अहवालात ‘सुरक्षित’ हा शब्द नाही. त्याऐवजी नऊ चौकटींचा तक्ता आहे : डबी बाजूला, धुराच्या झोतात, ढेकळाखाली, आणि प्रत्येक जागी पेटी शाबूत, पेटी फुटलेली, इरिडियमचं कवच उघडं. आठ चौकटी मुलांनी भरल्या, कुठे भरवशानं, कुठे ‘अंदाज’ असं लिहून. नववी, ढेकळाखाली उघडं पडलेलं कवच, कोरी ठेवली. मी विचारलं तर म्हणाले, मॅडम, इथे काही लिहिलं तर ते खोटं होईल. मी गुण कापले नाहीत.

आबाजींना तक्ता दाखवायला आम्ही वाडीला गेलो. त्यांनी चष्मा लावून एकेक चौकट वाचली आणि कोऱ्या चौकटीवर बोट ठेवलं. “हे कोन मोजनार मंग?” नातीनं त्यांच्या समोरच पेन्सिलीनं तिथे बारीक अक्षरात लिहिलं : फट ५-६ सेंमी, वेळ ७५ ते १५० सेकंद, खपलीखाली पुढे किती वेळ ते मोजायचं. पुढच्या वर्गाला मी ती चौकट तशीच देणार आहे, पेन्सिलीच्या अक्षरांसकट.